बॅटरीकाकांची अकारविल्हे सिनेमासूची

निवृत्त झालेल्या माणसाला काहीतरी आवरायला लागतं. कुणी माळा आवरतं, कुणी जुने कागद, कुणी सुनेचा स्वभाव. बॅटरीकाकांना सून नव्हती, घराला माळा नव्हता आणि कागद आधीच आवरलेले होते. म्हणून त्यांनी स्वयंपाकघर आवरलं. एका सकाळी काकू दूध घेऊन परत आल्या, तर सगळे डबे फळ्यांवर अकारविल्हे लागलेले. चहा वरच्या फळीवर, साखर सगळ्यात खाली आणि मधल्या फळीवर तांदूळ, पोहे, मीठ.

"चहा आणि साखरेनं तुमचं काय वाकडं केलं होतं?" काकूंनी विचारलं.

"‘च’ कुठे आणि ‘स’ कुठे. क्रमाने तेच बरोबर आहे."

"मग क्रमालाच सांगा चहा करायला," असं म्हणून काकूंनी दुधाचं पातेलं त्यांच्या हातात दिलं आणि त्या विणायला बसल्या. लोकरीचे स्वेटर विणून देण्याचं त्यांचं काम बारमाही चालत असे.

काकांचं नाव काही बॅटरीकाका नव्हतं. गावातल्या एकुलत्या एका सिनेमा थिएटरात अंधारात बॅटरी मारून लोकांना खुर्च्या दाखवण्याचं काम त्यांनी उमेदीची सगळी वर्षं केलं, म्हणून ते बॅटरीकाका. खालच्या मजल्यावरची खुर्च्यांची रांग न् रांग त्यांना पाठ होती. कोणती खुर्ची करकरते, कोणत्या खुर्चीची स्प्रिंग पँट फाडते, हे ते न बघता सांगत. थिएटरात बहुतेक हिंदी सिनेमेच लागत. पुढे थिएटर बंद झालं आणि तिथे फरशांचं दुकान आलं. काका अजूनही त्या बाजूने गेले की आत डोकावून फरशा बघत आणि म्हणत, "इथे चौथी रांग होती."

एवढी वर्षं सिनेमाच्या आत काढल्यामुळे हिंदी सिनेमा म्हणजे बॅटरीकाका, असं गल्लीने ठरवून टाकलं होतं. कोर्टात वकील असतात तसे हे सिनेमात. "काका, नवा लागलाय तो बघण्यासारखा आहे का?" असं कुणी विचारलं की ते क्षणभर गंभीर होत आणि सांगत, "बघा. पण शेवट चुकवू नका."

हा सल्ला त्यांनी किती लोकांना दिला असेल याची गणती नाही. गंमत अशी की त्यांनी स्वतः एकाही सिनेमाचा शेवट पाहिलेला नव्हता.

त्यात त्यांचा दोष नव्हता, नियमच तसा होता. वर ऑपरेटरने शेवटचं रीळ चढवलं की तो खाली एक घंटा वाजवायचा. ती वाजली की बॅटरीवाल्याने बाहेर यायचं, मोठी दारं उघडून खुंटीला अडकवायची, पायऱ्यांवरचा दिवा लावायचा, सायकल स्टँडची साखळी काढायची आणि गर्दी अंगावर यायच्या आत एका बाजूला उभं राहायचं. मालकाचा हुकूम होता आणि काका हुकमाचे ताबेदार. इतर नोकर घंटेनंतरही दाराच्या फटीतून बघत. काकांनी तेही कधी केलं नाही. पुढे पुढे पायांनाच सवय लागली. सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या गावच्या थिएटरात जाऊन बसले, तरी पडद्यावर धावाधाव सुरू झाली की हे उठून दाराशी. घरच्या टीव्हीवर तर शेवट येईपर्यंत त्यांना झोप लागलेली असे. आपण शेवट पाहिलेले नाहीत, हे हळूहळू त्यांच्याही ध्यानातून गेलं होतं. विचारणारं कुणी नव्हतं.

मग वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी बोलावणं पाठवलं.

वाचनालय म्हणजे पोस्टाच्या मागच्या दोन खोल्या. गावातले घड्याळजी दुकान विकून मुलीकडे राहायला गेले आणि जाताना आयुष्यभर जमवलेल्या हिंदी सिनेमांच्या डीव्हीडी वाचनालयाला देऊन गेले. घड्याळांच्या खोक्यांतून आलेला तो ढीग खिडकीपर्यंत पोचला होता. बाईंनी त्यासाठी नवं कपाट करून घेतलं होतं आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ते उघडायचं, असं फळ्यावर लिहूनही टाकलं होतं.

"काका, याची सूची करून द्या. अकारविल्हे," बाई म्हणाल्या. "सगळे नकोत, नामवंत तेवढे निवडा. प्रत्येकाची चार ओळींत ओळख. छापून घेणार आहोत."

अकारविल्हे हा शब्द ऐकून काकांचा चेहरा खुलला. "अहो, माझ्या घरी मीठसुद्धा ‘म’मध्ये आहे."

"काकू बोलल्या मला त्याबद्दल," बाई कोरडेपणाने म्हणाल्या. "आणखी एक. प्रत्येक नोंदीच्या शेवटी एक शब्द हवा. गोड किंवा कडू."

"म्हणजे?"

"म्हणजे शेवट. माझे वाचक तुम्हाला माहीत नाहीत. कादंबरी घरी नेण्याआधी शेवटचं पान उघडून बघतात. रडवणारी निघाली की ठेवली परत. डीव्हीडीला शेवटचं पान नसतं, त्यामुळे ती तुमच्या शब्दावर विसंबून न्यावी लागणार. त्या दातांच्या डॉक्टरीणबाई तर मला आत्ताच सांगून गेल्यात, कडू असेल तर दाखवूही नका. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. मुखपृष्ठावर तुमचं नाव घालू."

काकांचं नाव आजवर दोनच ठिकाणी छापून आलं होतं, एकदा लग्नपत्रिकेवर आणि मग विजेच्या बिलावर. ते एक खोकं काखोटीला मारून घरी आले तेव्हा जमिनीपासून बोटभर वर चालत होते. खाली आले ते रात्रीच्या जेवणाच्या वेळी. भाताचा घास तोंडाशी नेताना त्यांना एकदम आठवलं की आपल्याला शेवट माहीत नाहीत.

आता नाही म्हणायची सोय नव्हती. ‘बॅटरीकाकांना शेवट माहीत नाहीत’ हे वाक्य गल्लीत एकदा फिरलं की मरेपर्यंत फिरत राहिलं असतं. पण काका हिशोबी माणूस होते. त्यांनी विचार केला, आपण पडदा पाहिला नसेल, पण पडदा पाहून बाहेर येणारी माणसं तर पाहिली आहेत. दाराच्या बाजूला उभं राहून दुसरं केलं काय इतकी वर्षं? माणसं रुमाल शोधत बाहेर आली तर शेवट कडू. शीळ घालत आली तर गोड. आणि कोणत्या सिनेमाला कशी आली होती, ते त्यांना खरोखरच आठवत होतं. त्यांनी जेवण संपवलं, जेवणाचं टेबल पुसून कोरडं केलं आणि ‘अ’पासून लिहायला घेतलं.

सूची झकास होऊ लागली. सुरुवाती आणि मध्य यांत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, कारण ते त्यांनी तुकड्यातुकड्याने पुन्हा पुन्हा पाहिले होते. आणि ओळख लिहिताना त्यांच्यातला बॅटरीवाला गप्प बसत नव्हता. ‘आ’मधल्या एका सिनेमाबद्दल त्यांनी लिहिलं, ‘मध्यंतरानंतर पाणी प्यायला उठू नये, परत येईपर्यंत खलनायक बदललेला असतो.’ ‘ग’मधल्या एकाबद्दल, ‘नायिकेचे वडील पहिल्या प्रसंगात जे बोलतात ते ऐकून ठेवावे, पुढे सगळे त्यावरूनच रडतात.’ लहानपणी ताटातूट झालेले भाऊ ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत जिथे तिथे भेटत होते, त्यांच्यासाठी त्यांनी एक छोटी खूण ठरवून टाकली. प्रत्येक नोंद झाली की डोळे मिटायचे, थिएटरच्या पायऱ्या आणि त्यावरून उतरणारे चेहरे आठवायचे आणि एक शब्द लिहायचा.

‘म’पर्यंत सगळं सुरळीत होतं. त्या दुपारी लिहिलेलं मोठ्याने वाचून बघताना ते म्हणाले, "दीपगृहाच्या राखणदाराची मुलगी आणि गावातला बँडमास्तर यांची हृद्य कहाणी. गाणी उत्तम. शेवट कडू."

समोर विणत बसलेल्या काकूंच्या सुया थांबल्या. "कडू कसा?"

"कडूच. बँडमास्तर मरतो."

"कोण मेलं? लग्न झालं की त्यांचं."

"अगं, लोक कसे बाहेर आले होते माहितीये? कुणी कुणाशी बोलत नव्हतं. माना खाली. आणि त्याआधी दारातून मला बँड ऐकू येत होता, तो एकदम बंद पडला. वाजवणारा गेला, दुसरं काय?"

काकूंनी विणकाम मांडीवर ठेवलं आणि नवऱ्याकडे नीट बघितलं. सुईत दोरा ओवताना बघतात तसं. "दारातून ऐकू येत होता?"

काकांनी पान उलटलं.

"म्हणजे तुम्ही पाहिला नाहीत?"

"तसा पाहिलाय. फक्त शेवट तेवढा..."

"आणि बाकीचे?"

काकांनी टेबलावरच्या कागदांवरून हात फिरवला, जणू त्यांनाच थोपटत होते. "घंटा झाली की बाहेर जायचा नियम होता."

काकू आधी बारीक हसल्या, मग मोठ्याने, आणि शेवटी चष्मा काढून डोळे पुसत म्हणाल्या, "जन्मभर लोकांना सांगत आलात, शेवट चुकवू नका. माझ्या भावालासुद्धा सांगितलंत. तो बिचारा दुसऱ्यांदा तिकीट काढून गेला होता."

"तू पाहिलायस ना मग?" काका जरा चिडून म्हणाले.

"धाकट्या बहिणीबरोबर, बाल्कनीत बसून. अंगावर जांभळी साडी असते त्या नायिकेच्या. लग्नच होतं."

"मरतो."

"होतं म्हणते ना मी."

डीव्हीडी घरात होती, मुलीने दिलेला जुना प्लेअर टीव्हीखाली होता. मग वाद कशाला घालायचा? काकूंनी पडदे ओढले. काकांचं म्हणणं, नुसता शेवट लावू, वेळ वाचेल. तसं करून पाहिलं, पण दोन मिनिटांत दोघांच्या लक्षात आलं की हे परक्याच्या लग्नाचा अल्बम बघण्यासारखं झालं. कोण कुणाचं कोण, काही कळेना. म्हणून पहिल्यापासून लावला. सिनेमा खरंच चांगला होता. दीपगृहाच्या गोल जिन्यावरचं गाणं आलं तेव्हा काकू मान डोलवू लागल्या आणि काका म्हणाले, "या गाण्याला नववी रांग पुन्हा पुन्हा यायची."

पण शेवट जवळ आला तसे काका अस्वस्थ झाले. पडद्यावर बँडवाले गणवेश घालू लागले आणि काका खुर्चीतून उठले.

"कुठे?"

"कुठे नाही, दाराशी जरा..."

"बसा खाली."

बसले. पुन्हा उठले. ते मुद्दाम करत नव्हते, पायच उठत होते. तेव्हा काकूंनी टोपलीतून लोकरीची सोडवलेली लड काढली, काकांना दोन्ही हात पुढे करायला लावले आणि ती लड त्यांच्या मनगटांवर चढवली. "धरून ठेवा. मी गुंडा करते. हलाल तर गुंता होईल आणि तो तुम्ही सोडवाल."

आता कुठे जाणार? दोन्ही हात पुढे करून, अटक झालेल्या माणसासारखे काका टीव्हीसमोर बसून राहिले. पडद्यावर लग्नाची मिरवणूक निघाली. जांभळ्या साडीतली नायिका नवरीच होती, पण घोड्यावर बसलेला नवरा बँडमास्तर नव्हता. बँडमास्तर पुढे चालत बँड वाजवत होता. वाजवता वाजवता त्याने एकदम हात वर केला आणि बँड थांबला. सगळी मिरवणूक त्याच्याकडे बघू लागली. त्याने कपाळावरचा घाम पुसला, समोरचा कागद उलटला आणि दीपगृहाच्या जिन्यावर ते दोघं म्हणायचे ती चाल वाजवायला सुरुवात केली. नवरीने मान वर केली नाही, पण तिची पावलं त्या चालीवर पडू लागली. बस्स, एवढंच. अक्षरं वर सरकू लागली.

काकांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि हात लोकरीत अडकल्यामुळे त्यांना ते पुसता येत नव्हतं. काकूंनी पदराने पुसलं आणि मग स्वतःचं नाक.

"मेला नाही," काका म्हणाले.

"लग्नही झालं नाही. म्हणजे झालं, पण..." काकूंनी लोकरीचा गुंडा करायला घेतला, आणि जरा वेळाने खालच्या आवाजात म्हणाल्या, "आम्ही मिरवणूक निघेपर्यंतच बघितला होता."

"काय?"

"शेवटची बस. बाल्कनीचा जिना मागच्या गल्लीत उतरायचा, तिथून थांबा जवळ. मिरवणूक सुरू झाली आणि धाकटी म्हणाली, ताई, बस. आम्ही पळालो. नवरी दिसली होती, बँड दिसला होता. वाटलं, झालंच असेल."

"असं किती सिनेमांना?"

"संध्याकाळच्या खेळाला गेलो तेवढे सगळे," काकू म्हणाल्या. "आणि आम्ही संध्याकाळच्याच खेळाला जायचो."

आता हसायची पाळी काकांची होती, पण त्यांचं हसू अर्ध्यावरच थांबलं. काकू चुकल्या ते ठीक. पण लोकांचे चेहरे बघून आपण जे लिहिलं, तेही चुकलं होतं. एका सिनेमात जर चेहऱ्यांनी फसवलं असेल, तर ‘अ’पासून ‘म’पर्यंतच्या प्रत्येक नोंदीतला शेवटचा शब्द संशयित झाला. डॉक्टरीणबाई ‘गोड’ वाचून डीव्हीडी घरी नेतील, रडत बसतील आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला सांगतील. सूचीवर तर आपलं नाव. आणि रविवार तोंडावर आलेला. सगळे सिनेमे बसून बघायचे म्हटलं, तर काकूंचे गावातल्या प्रत्येकासाठी स्वेटर विणून होतील तरी संपायचे नाहीत.

"सोडून देता का?" काकूंनी विचारलं.

"सूची? नाही. पण खोटा शब्द लिहायचा नाही."

त्यांनी नोंदींच्या शेवटी लिहिलेले सगळे ‘गोड’ आणि ‘कडू’ एकेक करून खोडले, रेघ सरळ यावी म्हणून पट्टी धरून. मग राहिलेल्या अक्षरांच्या नोंदी ‘ज्ञ’पर्यंत पुऱ्या केल्या, पण शेवटची जागा कोरी ठेवून. सगळी चळत घेऊन ते वाचनालयात गेले आणि ग्रंथपालबाईंना जे आहे ते सांगितलं.

बाईंनी पानं चाळली. त्या दोनदा हसल्या, एकदा खलनायकापाशी आणि एकदा नायिकेच्या वडिलांपाशी. "हे मस्त लिहिलंय. पण शेवटांचं काय?"

"ते मला माहीत नाहीत."

"एकही?"

"एक माहीत आहे. पण तो गोड की कडू, यावर घरात एकमत नाही."

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "काका, रविवारी लोक यायचेत. त्यांना मी काय सांगू?"

"तुम्ही नका सांगू. मीच सांगतो."

त्या रविवारी वाचनालयाच्या दोन खोल्यांत उभं राहायला जागा नव्हती. खुर्च्या कमी पडल्या तेव्हा काकांनी सवयीने चार जणांना बोटाने जागा दाखवून बसवलं. मग ते कपाटापाशी उभे राहिले. अंधारात शेकडो माणसांना वाट दाखवणाऱ्या माणसाच्या तोंडाला उजेडात कोरड पडली होती.

"सूची तयार आहे," ते म्हणाले. "ओळख लिहिली आहे. शेवट लिहिले नाहीत, कारण मी ते पाहिलेले नाहीत. घंटा झाली की मी बाहेर असायचो. तुम्हाला मी शेवट चुकवू नका म्हणायचो, ते न बघताच म्हणायचो."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. काकांचे कान तापले. ते पुढे म्हणाले, "तुम्ही बाहेर यायचात तेव्हा तुमचे चेहरे बघून मी अंदाज बांधला होता. तोही चुकला. त्या बँडमास्तरच्या सिनेमाला तुम्ही सगळे माना खाली घालून आलात, मला वाटलं तो मेला."

"थांबा, थांबा," पहिल्या रांगेतले शिंपी म्हणाले. "सगळ्यांत आधी बाहेर कोण यायचं, सांगा बरं."

"तुम्हीच यायचात. तुम्ही, मागे तुमचे भाऊ, बेकरीवाले..."

"आम्ही सायकलवाले. स्टँडवर सायकल अडकली की अर्धा तास सुटायची नाही, म्हणून शेवटाच्या आधी निघायचो. शेवट आम्ही तरी कुठे पाहिलाय?" शिंपी चाचरत हसले. "मी त्या दिवशी रडत नव्हतो काका. माझी सायकल भिंतीकडे होती, ती कशी निघणार या काळजीत होतो."

"म्हणजे मी तुमच्या सायकलीवरून सिनेमे ठरवले," काका म्हणाले.

आता हसू आवरेना. आणि एकदा शिंप्याने तोंड उघडल्यावर बाकीचे का मागे राहतील? डॉक्टरीणबाई म्हणाल्या की त्या बाल्कनीत बसत आणि बस पकडत. बेकरीवाल्यांना भट्टी पेटवायची असे. सोनारीणबाई म्हणाल्या, "मी तर कडू होणार असं दिसलं की डोळेच मिटायची, मग हे मला घरी जाताना सांगायचे." "मी मनाचं सांगायचो," त्यांचे यजमान म्हणाले, आणि बाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ते पुढे काही बोलले नाहीत.

"या सगळ्याला एकच माणूस जबाबदार आहे," काकू मागून म्हणाल्या आणि त्यांनी दाराजवळ उभ्या असलेल्या एका उंच म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं. तो शेवटच्या बसचा ड्रायव्हर होता, आता निवृत्त. सगळ्या माना तिकडे वळल्या.

"मला कुणी सांगितलं असतं तर जरा थांबलो असतो," ड्रायव्हर म्हणाला. "मला वाटायचं सिनेमा सुटला म्हणूनच पळत येताय. कसे पळत यायचात, मला वाटायचं काय वाईट सिनेमा असेल."

ग्रंथपालबाईंनी टेबलावर हात आपटून शांतता केली. त्या हसत नव्हत्या, पण हसू दाबायला त्यांना कष्ट पडत होते. "मग शेवट लिहिणार कोण?"

"ज्यांचे बघायचे राहिलेत ते," काका म्हणाले. हे त्यांनी आधी ठरवलेलं नव्हतं. बोलता बोलता सुचलं. "डीव्हीडी घरी न्या. पूर्ण बघा. परत करताना मला एक शब्द सांगा, मी तो लिहीन. पण एका माणसाच्या सांगण्यावर नाही. आमच्याच घरात एकीने लग्न लावलं होतं आणि एकाने अंत्ययात्रा काढली होती. दोन साक्षीदार हवेत."

कपाट उघडल्यावर जे झालं त्याला उद्घाटन म्हणण्यापेक्षा लूट म्हणणं बरं. संध्याकाळपर्यंत ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत एक डीव्हीडी शिल्लक राहिली नाही. काकांना स्वतःला न्यायलाही नाही.

त्यानंतर रोज दुपारी काका वाचनालयात कोपऱ्यातल्या टेबलावर बसू लागले. समोर सूची, पट्टी, आणि डीव्हीडी परत करणाऱ्यांची रांग. गोड म्हणणारा एक आला की त्याचा शब्द ते पेन्सिलीने लिहीत, दुसरा तेच म्हणाला की पेनने. पण दुसरा तेच म्हणे असं सहसा होत नसे. बेकरीवाले आणि सोनारीणबाईंचे यजमान एका सिनेमावरून तर हमरीतुमरीवर आले.

"बाप शेवटी मुलाला माफ करतो. गोड."

"आणि माफ करून मरतो. कडू."

"पण आधी माफ करतो ना?"

"तुमच्या भट्टीत पाव आधी फुगतो आणि मग करपतो, तर गिऱ्हाइकाला काय सांगता, फुगला होता म्हणून?"

"दोघंही बाहेर जाऊन ठरवा," काका म्हणाले. "इथे लोक वाचतायत."

दोघं बाहेर गेले, पोस्टाच्या पायरीवर बसले आणि चहा पिऊन परत आले. त्या सिनेमापुढे ‘कडू, पण खावा असा’ हे शब्द पडले. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "मी एक शब्द सांगितला होता." काका म्हणाले, "तुम्ही त्यांना एका शब्दात गप्प करून दाखवा, मी खोडतो." बाईंनी ते तसंच राहू दिलं, आणि त्यानंतर नोंदी मनासारख्या वाढत गेल्या. सोनारीणबाईंनी डोळे उघडे ठेवून पाहिलेल्या पहिल्या सिनेमापुढे त्यांच्याच शब्दांत लिहिलं गेलं, ‘एवढा काही वाईट नव्हता.’

‘श’मधला एक सिनेमा बरेच दिवस कुणी परत आणेना. काकांनी देवघेवीची वही बघितली, तर तो काकूंच्या नावावर होता. वाचनालयाच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी दुपारी काकू रांगेत उभ्या राहिलेल्या दिसल्या, त्यांच्या मागे डॉक्टरीणबाई आणि ड्रायव्हर. काकांनी खूण केली, पुढे ये म्हणून. काकूंनी मान हलवली. त्या आपल्या क्रमाने आल्या आणि त्यांनी डीव्हीडी टेबलावर ठेवली.

"गोड," त्या म्हणाल्या.

काकांनी पेन्सिल उचलली.

"पेन घ्या."

"दुसरा साक्षीदार?"

"माझ्या शेजारी बसून अक्षरं संपेपर्यंत कोण बघत होतं काल?"

काकांनी मागच्या रांगेकडे पाहिलं. सगळे अगदी मन लावून ऐकत होते. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "साक्षीदाराचं म्हणणं जरा वेगळं आहे. ती शेवटी आगगाडीत बसते, तो फलाटावर राहतो. कडू."

"तो पुढच्या गाडीने जाणार आहे. तिकीट नाही का दाखवलं त्याच्या खिशातलं?"

"ते परतीचं होतं."

"कुठे लिहिलं होतं परतीचं म्हणून?"

"काकू, हे घरी ठरवायचं होतं ना," डॉक्टरीणबाई मागून म्हणाल्या.

"ठरवलं असतं, पण हे लगेच दुसऱ्यांदा बघायला बसले," काकू म्हणाल्या.

काकांनी डीव्हीडी परत काकूंच्या हातात ठेवली, सूचीत त्या ओळीवर बोट ठेवून जागा कोरीच सोडली आणि पुढच्या माणसाला हाक मारली. छापायला सूची गेली तेव्हाही ती जागा भरलेली नव्हती. ग्रंथपालबाईंनी विचारलं, तर काका म्हणाले, "अजून बघतोय."